डबल बेल

"पाटी आधी नाही काढायची," तांबोळी सर वर्गाला सांगत होते. "आधी भिंत बघायची. भिंत कोण कोण बघून आलंय?"

चौथीच्या वर्गातले जवळजवळ सगळे हात वर गेले. मी शेवटच्या बाकावर गुडघे मोडून बसले होते. त्या काळी मी कराडच्या नगरपालिकेच्या शाळांची पर्यवेक्षक होते, आणि मुलांच्या बाकांत अंग कोंबून बसणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. बहुतेक शाळांत चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एक आंबा काढलेला असायचा आणि मुलं तो उतरवून घ्यायची. मुलं बदलायची, आंबा तोच. तांबोळी सरांच्या वर्गात आंबा नव्हता, म्हणून मी तिथे जरा जास्तच फेऱ्या मारायची, आणि बाकीचे शिक्षक त्यावरून आपापसांत बोलायचे हेही मला माहीत होतं.

सरांनी त्या वेळी मुलांना संकल्पचित्राचं मोठं काम दिलं होतं. प्रत्येकानं आपापल्या घराच्या दारावरची नावाची पाटी तयार करायची. त्यांचे नियम कडक होते. पाटी जिथं लागणार ती जागा विती लावून मोजायची. पोस्टमन जिथं सायकल टेकवतो तिथं उभं राहून अक्षर केवढं दिसतं ते ठरवायचं. भिंतीचा रंग कोणता, ऊन कधी येतं, पाऊस लागतो का, हे विचारून यायचं. पाटीवर कुणाकुणाची नावं हवीत हे घरातल्या सगळ्यांना विचारायचं. हे सगळं झालं की मगच कागदाला हात लावायचा.

त्यामुळे गावात बरीच घरगुती भांडणं लागली होती म्हणे. एका पोरीनं आजीचं नाव सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठं लिहिलं होतं. का, तर घरात शेवटचा शब्द आजीचाच असतो. एकानं कुत्र्याचं नाव घातलं होतं आणि धाकट्या भावाचं गाळलं होतं. फिरोज नावाचा एक मुलगा मात्र गप्प बसून होता. ते भाड्याच्या खोलीत राहत होते आणि मालक भिंतीला खिळा ठोकू देत नव्हता. सरांनी त्याला सांगितलं, तू दोरीवर टांगायची पाटी कर, जिथं जाशील तिथं ती घेऊन जाता येईल. त्यावर फिरोज म्हणाला, "मग खिळा पण आमचाच करतो सर." सगळा वर्ग हसला, मीही हसले.

मी त्या दिवशी खुशीत होते. त्या खुशीचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गावाबाहेरच्या सोसायटीत आमचं चार खोल्यांचं घर होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. त्यांनी ते घर बांधलं आणि त्यात जमेल तिथं एसटी घुसवली. फाटकाला भंगारात निघालेल्या बसच्या खिडक्यांचे गज होते. पोर्चमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचा मोठा आरसा होता, त्यात बघून अण्णा दाढी करायचे. आणि दाराला विजेच्या बेलऐवजी बसमधली घंटी होती. फाटकाशी दोरी ओढली की आत टण् वाजायची.

त्या घंटीचा आमच्या घरात कायदा होता. कंडक्टरनं एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की गाडी सुटते. तसंच आमच्याकडे पाहुण्यानं एकदा ओढायची, मग घरातलं कुणीतरी उठून दार उघडायला जायचं. घरच्यांनी दोनदा ओढायची, डबल बेल. डबल बेल ऐकली की कुणी उठायचं नाही, येणारा आपापला आत येतो. अण्णांनी हे आम्हांला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. दादाच्या लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा भाजी घेऊन आल्या आणि त्यांनी एकदाच घंटी ओढली, तर अण्णा आतून ओरडले होते, सूनबाई, डबल. वहिनी त्या दिवशी आमच्या घरच्या झाल्या.

घर अण्णांनी हौसेनं आईच्या नावावर केलं होतं. पाटीवर मात्र त्यांनी आपल्या नावाखाली माझं नाव घातलं. मला नोकरी लागली तेव्हा ते स्वतः जाऊन पितळी अक्षरं करून घेऊन आले: कु. कुंदा द. माळवदे, बी.ए., डी.एड. माझं लग्न काही झालं नाही. ते का झालं नाही ही वेगळी कथा आहे आणि ती फारशी चांगली नाही. अण्णा गेले, दादा पुण्याला स्थायिक झाला, आणि आई आणि मी त्या घरात राहिलो. म्हातारपण याच घरात काढायचं हे मी गृहीत धरलं होतं. माझ्याकडे दुसरं काही गृहीत धरण्यासारखं नव्हतंही.

मागची खोली रिकामीच असायची. तिथे मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढायचा, असं माझ्या मनात वर्षभर चाललं होतं. रविवारी तांबोळी सर शिकवतील, मी रंगपाण्याचं बघेन, सोसायटीतली आणि पलीकडच्या वस्तीतली पोरं येतील. दादा आधीच्या रविवारी आला होता तेव्हा मी त्याला हे सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती. दादा चहाच्या कपात बघत म्हणाला, "मला कशाला विचारतेस? घर तुझंच आहे, कुंदे."

त्याच दिवशी त्यानं पाटी काढली. अक्षरं काळी पडलीत, पुण्याहून पॉलिश करून आणतो, म्हणाला. तुझं नाव जरा मोठं करून घेऊ, वर्ग काढणार आहेस ना. तो स्टुलावर चढला, मी खाली स्टूल धरून उभी राहिले. स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यानं ते खिशात टाकले. पोर्चच्या पायरीशेजारच्या खांबावर पाटीच्या जागी एक फिकट चौकोन आणि दोन भोकं राहिली. रस्त्यानं येता-जाता मला तो चौकोन दिसायचा आणि मी मनात म्हणायची, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

तर अशी मी खुशीत त्या वर्गात बसले होते. तांबोळी सरांनी तासाच्या सुरुवातीलाच हळूच विचारलं होतं की, बाई, खोली बघायला कधी येऊ? मी त्यांना या रविवारी या म्हणून सांगितलं होतं.

मुलं कामाला लागल्यावर मी बाकाबाकांमधून फिरायला लागले. खिडकीजवळच्या बाकावर स्नेहल थोरवे बसायची. दोन वेण्या, उजव्या हाताला डाव्यापेक्षा जास्त रंग, आणि काम करताना जीभ बाहेर. तिनं अजून पाटी काढलीच नव्हती. सरांचा नियम तिनं इतका मनावर घेतला होता की आख्ख्या कागदावर नुसता एक खांब होता, आणि खांबावर पेन्सिलीनं फिकट सोडलेला चौकोन, त्यात दोन ठिपके.

मी तिला विचारलं, हे काय गं? तिनं समजावून सांगितलं की तिथे जुनी पाटी होती, त्यामुळे रंग पांढरट राहिलाय. ती दोन भोकं स्क्रूची आहेत. नवी पाटी त्याच भोकांत बसली तर खांब खराब होणार नाही, म्हणून तिनं भोकांमधलं अंतर मोजून आणलं होतं. एक वीत आणि चार बोटं.

मी तिला शाबासकी दिली. खरंच दिली, कारण इतक्या नीट कुणीच मोजलं नव्हतं. मला काहीही सुचलं नव्हतं. जुन्या पाट्या काय, गावात पुष्कळ खांबांवरून निघत असतील.

"आम्ही अजून तिथं राहायला गेलो नाही, बाई," ती म्हणाली. "पप्पांनी घर घेतलंय. परीक्षा झाली की जायचं. पप्पा म्हणाले होते एवढ्यात कुणाला सांगू नको, पण सर म्हणाले की भिंत बघितल्याशिवाय पाटी होत नाही."

मग तिनं कागद उलटा केला. मागच्या बाजूला तिनं घराचं फाटक काढलं होतं. आडवे गज, दोन्ही टोकांना गोल वळवलेले, आणि एका कडेला तो छोटा खटका, जो काढायचं अण्णांकडून राहून गेलं होतं. लहानपणी मी त्या खटक्यात बोट अडकवून घेतलं होतं आणि अण्णांनी तेल घालून सोडवलं होतं.

"गेट एसटीच्या खिडकीसारखं आहे," स्नेहल म्हणाली. "आणि आत घंटी पण एसटीतली आहे. दोरी ओढली की वाजते."

मी तिच्या शेजारी बाकावर बसले. वर्गात मुलांचा कलकलाट चालू होता, कुणाचं तरी पाणी सांडलं होतं, सर फडकं शोधत होते. मी स्नेहलला विचारलं की जुनी पाटी कुठे गेली. तिला तेही माहीत होतं. जुन्या मालकांच्या मुलानं ती काढून नेली, कारण पप्पांनी सांगितलं होतं की खांब मोकळा करून द्या. मी विचारलं, भोकं इतक्या वर आहेत, मग तू ती मोजलीस कशी?

"तिथल्या आजींनी स्टूल दिलं," ती म्हणाली. "खाली धरून पण उभ्या राहिल्या. खूप चांगल्या आहेत. मी निघताना घंटी एकदा वाजवून बघितली, तर म्हणाल्या, एकदा पाहुण्यांनी वाजवायची. तू डबल दे, आता तू घरची."

दादाचं मला नंतर इतकं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पुष्कळ वाटलं, पण दादा लहानपणापासून असाच होता. माझ्या वाटणीचा लाडू खाऊन वर मलाच विचारायचा, लाडू कुठे गेला. पण आई. रोज सकाळी मी शाळांच्या फेरीला निघाले की जी मला डबा द्यायची आणि फाटकापर्यंत यायची, ती माझ्या पाठीमागे स्टूल धरून उभी होती. आणि घंटीचा कायदा, जो अण्णांनी केला, तो तिनं एका परक्या पोरीला सहज देऊन टाकला. पोरगी गोड होती, तिचा काही दोष नव्हता.

स्नेहल रंगाच्या वड्या काढून विचारत होती की तपकिरी पाटीवर पिवळी अक्षरं कशी दिसतील. तिला पितळी वाटतील अशी हवी होती.

"पिवळी नको," मी म्हणाले. "चारनंतर त्या खांबावर समोरून ऊन येतं. पिवळं अक्षर नुसतं चकाकतं, वाचता येत नाही. पोस्टमन नेहमी डोळ्यांवर हात धरून वाचतो. गडद निळी घे."

तिनं जीभ आत घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हांला कसं माहीत, बाई?"

"मी त्या बाजूला राहते," मी म्हणाले.

तिला फार आनंद झाला. मग आपण शेजारी होणार, असं तिनं बाकावरच्या मैत्रिणीला लगेच सांगून टाकलं. तिनं निळी वडी उचलली. मी उठले. दारात तांबोळी सर भेटले आणि रविवारी किती वाजता येऊ म्हणाले. मी त्यांना एवढंच सांगितलं की खोली रिकामी नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बाहेरचा माठ दाखवला, पाणी घ्या म्हणाले.

त्या दिवशी मी आणखी एका शाळेत जाणार होते, तिकडे गेले नाही. सरळ घरी आले. उतरत्या उन्हाची वेळ होती, खांब लख्ख दिसत होता. खरंच त्या चौकोनावर समोरून ऊन येत होतं. मी फाटकाशी बराच वेळ उभी राहिले. दाराला दिवसा कडी नसायची, नुसतं लोटलेलं असायचं. आई आत पडली असेल, डबल बेल दिली तर कूस बदलून झोपेल आणि मी आपली आत जाईन, चहा टाकेन, तिला उठवेन. अशा हजारो संध्याकाळी झाल्या होत्या.

मी दोरी एकदाच ओढली.

आत खाटेचा आवाज झाला. मग तिच्या गुडघ्यांचं नेहमीचं कुरकुरणं आणि चपला शोधणं. दाराआडून तिनं विचारलं, "कोण आहे?"

मी पायरीपर्यंत आले. तिनं दार उघडलं, मला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"तू होय? मग एकदाच का वाजवलीस? मला उगीच उठवलंस."

"डबल थोरव्यांची स्नेहल देते," मी म्हणाले. "आता ती घरची आहे ना."

आईचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. तिनं खांबाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, माझ्याकडे नाही. आत ये म्हणाली. मी पायरीवरच उभी राहिले. मग ती तिथेच, दारात उभ्या उभ्या बोलायला लागली. दादाला पुण्यात मोठी जागा घ्यायची आहे. मुलं मोठी झाली. तिला या वयात मुलाकडेच जायला हवं, लोक काय म्हणतात. माझी उद्या दुसऱ्या गावी बदली झाली तर ती एकटी इथं काय करणार? मला नोकरी आहे, मला काय कमी आहे, मला एक खोली कुठेही मिळेल. घर तर तिच्याच नावावर आहे. दादा मला सांगणारच होता, शाळांच्या परीक्षा होऊन जाऊ देत म्हणाला. हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती की जणू मीच काहीतरी मोडून आले आहे आणि ती मला समजून घेते आहे.

मी तिला एकच विचारलं. दादा पाटी काढत होता आणि मी स्टूल धरून उभी होते, तेव्हा तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतीस ना?

"बघत होते," ती म्हणाली. "म्हणूनच बाहेर आले नाही."

"दोघांनीही का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

तिनं हे इतकं साधेपणानं सांगितलं, जणू मीठ संपलंय असं सांगावं. मी नाही म्हणेन हे दोघांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणून माझ्या हसण्यावर त्यांनी इतके दिवस काढले. मी मागच्या खोलीत फळा कुठे लावायचा ते आईला दाखवत होते, तेव्हा ती म्हणाली होती, खिडकीच्या बाजूला लाव, उजेड पडेल.

दादा पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्या आला. वहिनींना बरोबर घेऊन आला, म्हणजे मी ओरडणार नाही. मी ओरडले नाहीच. त्यानं पाटी परत आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी कागद सोडवला तर अक्षरं तशीच काळी होती. पॉलिशचं राहूनच गेलं, म्हणाला, आणि खिशातून दोन स्क्रू काढून माझ्यापुढे ठेवले. ते तो खरोखरच जपून घेऊन हिंडत होता.

स्नेहलची पाटी वर्गात सगळ्यांत चांगली झाली. निळी अक्षरं, पांढरी कड, वरती बारीक फाटकाचे गज. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या पाट्या मांडल्या तेव्हा मी तिला पहिला नंबर दिला, कारण तो तिचा होता. फिरोजची दोरीवरची पाटी दुसरी आली. खिळा त्यानं सुतळीला बांधून ठेवला होता.

परीक्षा झाल्यावर आई पुण्याला गेली आणि मी पेठेत एक खोली घेतली. पण त्याआधी दीड-दोन महिने आम्ही दोघी त्या घरात राहत होतो. स्वयंपाक ती करायची, भाजी मी आणायची, सणाला पुरणपोळीही झाली. बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. फक्त एक गोष्ट मी बदलली. रोज संध्याकाळी घरी आले की मी घंटी एकदाच ओढायची. आई आतून ओरडून बघायची, कुंदे, ये की आत, दार उघडंच आहे. मी यायची नाही. मग ती गुडघे धरून उठायची, चपला शोधायची, दारापर्यंत यायची. पहिले काही दिवस ती चिडली, मग रडली, मग तीही रोज दाराआडून विचारायला लागली, "कोण आहे?"

आणि मी पायरीवर उभी राहून, त्या फिकट चौकोनाशेजारी, माझं पूर्ण नाव सांगायची. कुंदा दत्तात्रय माळवदे.